सत्तेचाळीस नंबरचं आवळ्याचं झाड

राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आमचं जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हा आमच्या शाळेतले बहुतेक मराठी मास्तर सामान बांधून नागपूरला गेले. मलाही तिकडे नोकरी मिळत होती. बायकोचं माहेर तिथंच. पण मी ऐटीत सांगितलं, ‘मी इतिहास शिकवतो, इतिहास सोडून पळत नाही.’ हे वाक्य मी भरल्या स्टाफरूममध्ये खरंच बोललो होतो. तेव्हा कोणी कानाखाली का वाजवली नाही, देव जाणे.

राहिलो म्हणजे जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. बिऱ्हाडं पाच आणि नळ एक. बायको पहाटे उठून बादली रांगेत ठेवायची आणि दिवसभर जमिनीवर बसून, वाकून रांधायची. तिला संसारात दोनच गोष्टी हव्या होत्या: स्वतःचा नळ आणि उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा. हे ती लग्नापासून सांगत होती, आणि मी लग्नापासून ‘हो, पाहू’ म्हणत होतो.

मदन महालच्या टेकडीखाली, गाव संपायचं तिथं, आवळ्याची दहा-बारा झाडं होती. कार्तिकात आम्ही सगळी मराठी घरं तिथं आवळीभोजनाला जायचो. झाडाची पूजा, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि मग झाडाखालीच पंगत. बायका सकाळपासून धुरात डोळे पुसत रांधायच्या. आम्ही पुरुष सतरंज्या अंथरायचो आणि भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचो.

त्या जागेवर वसाहत होणार, प्लॉट पडणार, अशी खबर आली आणि मी पेटलो. कोणी हरकत घ्यायची तर लेखी घ्या, अशी नोटीस लागली होती. मी चौदा पानी हिंदी अर्ज लिहायला घेतला. त्यात टेकडीवरचा किल्ला आणला, गोंड राजे आणले. एखादी गोंड राणी आमच्या आवळ्याखाली जेवली असेल याचा कणभर पुरावा नव्हता, म्हणून मी तिथं ‘निःसंदेह’ हा शब्द घातला.

अर्जाचं नववं पान चालू असताना बायकोनं एक फॉर्म पुढ्यात ठेवला. त्या वसाहतीतल्या प्लॉटसाठी, तिच्या नावानं. नवऱ्याची सही हवी होती. तिनं हे सगळं नीट सांगितलं. मी ‘अच्छा’ म्हणालो, सही ठोकली आणि पुन्हा गोंड राणीकडे वळलो. ती काय बोलली, ते डोक्यात शिरलंच नाही.

त्या वर्षीच्या आवळीभोजनात मी भाषण ठोकलं. झाडं वाचवू, ही आपल्या पूर्वजांची पंगत आहे, वगैरे. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायका मुकाट्यानं रोडगे फोडत होत्या. मला वाटलं, भारावल्या. निम्म्याजणींनी फॉर्म भरले होते, हे मला फार उशिरा कळलं.

मग प्लॉटची सोडत निघाली आणि बायकोचा नंबर लागला. मिळालेल्या प्लॉटची चिठ्ठी तिनं देवामागे ठेवली. अर्जाचं भूत माझ्या डोक्यावरून उतरलं की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. माझ्या अर्जानं काही होईल, असं तिला वाटलंच नव्हतं. यात तिची चूक नाही, मलाही वाटलं नव्हतं.

पण अर्ज वाचून त्या वसाहत योजनेच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावलं. भला माणूस. नकाशा पसरून, लाल पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाले, कौनसे पेड़, बताइए. मी मोठ्या झाडांभोवती ऐसपैस गोल काढला. त्यांनी गोलातले आकडे मोजले.

“आठ प्लॉट कट जाएँगे, मास्साब. सोच लीजिए.”

“सोच लिया,” मी म्हणालो. आयुष्यात इतका कमी विचार करून मी काहीच बोललेलो नाही.

सायकल उडवत घरी आलो आणि चपला काढायच्या आधीच सगळी हकिगत सांगितली. ती कणीक मळत होती. हात थांबले.

“तुमच्या त्या गोलात सत्तेचाळीस नंबर येते काय?”

“येते म्हणजे? सगळ्यात मोठं झाड त्यातच तर आहे.”

ती उठली, देवामागून चिठ्ठी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा कणकेकडे गेली. मी आकडा वाचला. मग तिचं नाव वाचलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या ऑफिसात जाऊन पाय धरायला हवे होते. पण दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळानं माझा सत्कार ठेवला होता, आणि मी सत्काराला गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्दही बोललो. तिसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब म्हणाले, फाइल तो ऊपर चली गई. आता गोलातल्या आठ जणांचं पुढच्या योजनेत पाहू. ती पुढची योजना अजून यायची आहे.

बायको भांडली नाही. भांडली असती तर मी इतिहासातले दाखले दिले असते, हे तिला ठाऊक होतं. नारळाची तिनं चटणी केली.

पुढच्या कार्तिकात आम्ही पुन्हा तिथंच गेलो. चहूकडे पाये खणले होते आणि मधोमध आमची झाडं. लोक माझी पाठ थोपटत होते. मी सगळ्यात मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, मानाच्या जागी, मांडी घालून बसलो. बायको रोडग्यांची परात घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“तिकडे सरका,” ती हळूच म्हणाली. “काहून ओट्यावर बसून राहिले?”

मी सरकलो. तिनं परात बुंध्याशी टेकवली आणि तिथून उभ्यानंच वाढायला सुरुवात केली.