सुमनबाईंचं पान

सुमनबाई पोरं सुधारायला येत त्या बरोबर जेवायच्या वेळेला. बोर्डीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई एसटीने तलासरीला उतरायच्या आणि घरात शिरता शिरताच फर्मावायच्या, "माझंही पान वाढा. मुलांशी नंतर बोलते." फी घेत नसत, पण तांदळाच्या भाकऱ्या मात्र चार खात. मी बायकोच्या कानात म्हणालोदेखील, "या समुपदेशक आहेत की पंगतीच्या पाहुण्या?"

त्यांना घरी बोलवायची वेळ आणली आमच्या सानिकाने. सहावीतली लाडकी लेक. तिच्या वर्गात झरीच्या पाड्यावरून मंजू नावाची मुलगी यायची. ती वाचायला उभी राहिली की सानिका तिच्या बोलण्याची नक्कल करायची आणि अख्खा वर्ग खिदळायचा. शेवटी मंजूने शाळेत यायचंच बंद केलं. मुख्याध्यापकांनी सुमनबाईंचं नाव सुचवलं. मी पडलो सरकारी कचेरीतला अव्वल कारकून. 'पोरगी चांगली आहे, संगत वाईट आहे' एवढा शेरा मारून बाईंनी प्रकरण मिटवावं, ही माझी माफक अपेक्षा.

त्या दिवशी बाई मुकाट्याने जेवत होत्या. सानिकाकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. ती शांतता मला सोसवेना, आणि पाहुण्यांना हसवणं हा तर माझा जुनाच रोग. मी दाखल्यासाठी कचेरीत आलेल्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याची नक्कल सुरू केली. तो हात कसे जोडतो, 'सायेब' कसं म्हणतो, पुढचा शब्द कसा शोधत बसतो. बायको हसली. सानिकाला तर हसून हसून ठसका लागला. "बाबा, मंजू पण सेम अशीच बोलते!"

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"पोरगी हुशार आहे हो तुमची," त्या म्हणाल्या. "घरचा अभ्यास वर्गात जसाच्या तसा करून दाखवते."

असा संताप आला मला! चार भाकऱ्या चापून वर हे! "अहो बाई, गंमत असते ती."

"मग रविवारी झरीला जाऊ. तिथंही करा गंमत."

बायकोच्या डोळ्यांना भिऊन मी सानिकाला घेऊन बाईंबरोबर गेलो. मंजूचे वडील मजुरीवर जाणारे. त्यांनी आमच्यासाठी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाले, "बसा, सायेब." दाराआड मंजू उभी होती.

बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "करा ना आता. त्या दिवशी किती छान जमली होती."

मी हातातलं पाणी घटाघट प्यायलो. सानिका माझ्याकडे टक लावून बघत होती. "पोरीचं चुकलं," मी कसंबसं म्हणालो. बाई खाकरल्या.

"नाही, माझं चुकलं," मी म्हणालो. "ती हे माझ्याकडूनच शिकली." लाज वाटली, भयंकर लाज वाटली. सानिका दाराशी जाऊन रडत रडत म्हणाली, "मंजू, मी परत नाही करणार. ये ना शाळेत." मंजू आणखी आत सरकली. बुधवारी मात्र ती शाळेत आली.

सुमनबाई गेल्या वर्षी वारल्या. माझा रोग काही पुरता गेलेला नाही. जेवताना अजूनही कुणाची तरी नक्कल ओठांवर येते. सानिका उठते आणि माझ्यासमोर, बाई बसायच्या त्या जागी, एक रिकामं ताट मांडते.