सासूबाईंचं दृढीकरण

लग्न होऊन मी मारेगावजवळच्या सासरी आले, तेव्हा माझ्यापाशी दोन गोष्टी होत्या: यवतमाळच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेतलं पहिल्या नंबरचं प्रशस्तिपत्र, आणि देवाला त्याच्या कामात मदत करायची हौस. ती मुलगी आज समोर आली, तर मी तिला आधी भांडी घासायला बसवीन.

सासूबाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. पण आमच्या मंडळीत पुढे दृढीकरण व्हावं लागतं. प्रश्नोत्तरं पाठ करून चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणून दाखवायची, मग येशूच्या आठवणीत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर मिळते. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. सगळा जन्म कापूस वेचण्यात गेला. भाकर वाटायची वेळ झाली की त्या गुपचूप उठून बाहेर जात. त्या वर्षी त्यांना छातीचं दुखणं झालं. तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, की येत्या ईस्टरला एकदा तरी ती भाकर घ्यायला प्रभूच्या मेजाशी जायचं आहे. शिकवायचं काम अर्थातच प्रशस्तिपत्रवालीकडे आलं.

रोज दुपारी मी वही घेऊन बसे. करार म्हणजे काय, याचं उत्तर साडेतीन ओळींचं होतं. देवाने आपल्या लोकांशी स्वतःहून केलेलं, कधी न मोडणारं वचन, अशी त्याची सुरुवात. सासूबाई तिथवर ठीक येत आणि मग महापुरातल्या नोहाच्या तारवात शिरत. इतके दिवस तिथे शेळ्यांच्या चाऱ्याचं काय केलं असेल, याची त्यांना खरीच काळजी होती. मरणानंतरच्या सार्वकालिक जीवनाचा प्रश्न आला की त्या तुरीच्या शेंगा सोलायला घेत. एक शब्दही इकडचा तिकडे झालेला चालणार नाही, असं मी त्यांना बजावलं. जशी काही स्वर्गाच्या फाटकावर माझीच ड्युटी लागली होती.

"तू तं लय कडक मास्तरीन निघाली वं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

ईस्टरला आठवडा राहिला. मी पाळकसाहेबांना गाठून सांगितलं, की सासूबाईंची तयारी नाही, पुढच्या वर्षावर टाका. वाईट हे, की मी ते अगदी शुद्ध मनाने सांगितलं. साहेब म्हणाले, मी एकदा ऐकतो तर खरं.

शनिवारी ते घरी आले. मी दाराआड वही घेऊन उभी, अडलं तर ओठ हलवून सांगायला. त्यांनी कराराचं विचारलं. सासूबाईंनी सुरुवात केली, अडल्या, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, पाठ काही राहत नाही. मले एवढं समजते, का त्यानं मले धरलं हाय. मी काय त्याले धरू? माह्या हाताचे बोटं तं आता मिटत बी नाही."

"आणि मरण आल्यावर?"

"तवा सोडाचंच असतं, तं आजवर कायले धरून ठेवलं असतं त्यानं?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. उद्या पुढच्या बाकावर बसा, म्हणाले. आणि मी, दाराआडून, त्यांना आठवण करून दिली की अजून अकरा प्रश्न बाकी आहेत. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही पदराखाली घेतली.

ईस्टरला सासूबाई पांढरं लुगडं नेसून पुढे बसल्या. दात थोडेच उरलेले, त्यामुळे भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळत राहिल्या. घरी येताना मी विचारलं, कसं वाटलं.

"तुकडा इवलासाच देतात वं," त्या म्हणाल्या, "पन पुरला."

पुढचा ईस्टर त्यांनी पाहिला नाही.

आता माझ्या नातीचं दृढीकरण आहे आणि शिकवायला पुन्हा मीच. करारापाशी आलो की मी सासूबाईंचं उत्तर आधी सांगते. मग वहीतलं साडेतीन ओळींचंही पाठ करून घेते. सुधारले आहे, पण इतकीही नाही.