कानात सांगितलेलं नाव

वर्ध्याला गाडी हलली तेव्हा आई, तू खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या तान्ह्या गार्गीचा गाल कुरवाळत होतीस. ती तुझ्या ओठांकडे टक लावून होती. "कशी ऐकून राहिली पाह्य माही पोट्टी," तू म्हणालीस, आणि आम्ही हसलो. बारशाला आत्यानं तिच्या कानात नाव सांगून कुर्रर्र केलं, तेही तिनं असंच फक्त पाहिलं होतं.

इथं रायपुरात, गुढियारीला, आमच्या खोलीमागं मालगाड्यांचे डबे जोडतात. त्या धडधडीनं ताटं खणखणतात, गार्गी झोपलेलीच. शेजारची दीदी म्हणे, कितनी शांत बच्ची है. मी घाबरून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "जन्मली तवाच दवाखान्यातल्या मशीननं तिचे कान पास केले न बाई, मंग काहून जीव खाऊन राहिली?"

त्या धीरावर आम्ही थांबलो. बोलणं शिकायचे तिचे महिने तसेच गेले.

सरळ सांगते, हे पत्र गल्लीत सगळ्यांना वाचून दाखव. ते मशीन फक्त कानाचा पडसाद पाहतं. गार्गीचा कान आवाज पकडत होता. पण कानातल्या पेशींत निरोपाच्या इवल्या पिशव्या असतात. पिशवी पेशीच्या पडद्यात मिसळून उघडली, तरच निरोप नसेला मिळतो. हे काम ओटोफर्लिन नावाचं प्रथिन करतं, आणि तिच्यात त्याचंच जनुक बिघडलेलं आहे. एक बिघाड माझ्याकडून, एक तिच्या बाबांकडून. आम्हा दोघांत जनुकाची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून आम्हाला मात्र नीट ऐकू येतं. तेव्हा "हा दोष सुनेच्या माहेरचा हाये" म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलाचं रक्तही तपासून घ्यावं.

मेंदूपर्यंत आवाज पोचतो का, हे बेरा तपासणीत कळतं. ती आधी कुणी सांगितलीच नाही. का नाही सांगितली? हे विचारत मी पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे इथल्या वस्त्यावस्त्यांत, पत्रकं वाटते. बाया मान डोलवून "हव" म्हणतात आणि त्याच कागदात पोरांना मुर्रा, आपले मुरमुरे, बांधून देतात. मी दुसरं पत्रक देते.

ऑपरेशन करून गार्गीच्या कानात इम्प्लांट बसवलं. गार्गी ऐकायला लागली. थेरपीवाल्यांनी बजावलं, घर में एक ही भाषा रखिए. शाळा हिंदी, पारा हिंदी. आम्ही मराठी बंद केली. तुझा फोन आला की मी बाहेर जाऊन बोलायची. आता नव्या थेरपिस्ट सांगतात, दोन भाषांनी काही बिघडत नाही. आता सांगतात!

परवा व्हिडिओवर तू बोलत होतीस. गार्गीनं मला विचारलं, "मम्मी, नानी क्या बोल रही है?" "नेटवर्क खराब हाये वाटते," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

नेटवर्क चांगलं होतं, आई.

वर्ध्याचं घर माझ्यापुरतं तुझ्या बोलण्यात उरलंय, आणि तेच मी या खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. तू ये. तिच्या कानामागच्या मशीनजवळ तोंड ने, नाव सांग, कुर्रर्र कर. ती "क्या नानी?" म्हणेल. म्हणू दे. तू आपली मराठीतच बोल. मी या वेळी बाहेर जाणार नाही.