बोट सरकली तेव्हा प्रोग्राम थांबलेला होता

आधीच सांगते, मी या विषयातली नाही. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की वाद घालायला मी पहिली. प्रोग्रामिंगवर माझं पोट चालतं, आणि तिथे कारणाशिवाय काडी हलत नाही. तरीही लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, उत्तर सापडत नाही.

अलिबागहून नागाव ओलांडलं की पुढे आमचं कोळ्यांचं गाव. मी घरूनच काम करते. गावातल्या मच्छीमार सोसायटीला एक साधा प्रोग्राम करून देत होते — स्क्रीनवर डावीकडे समुद्रातल्या बोटी, उजवीकडे 'आल्या'. प्रत्येक बोटीची एक चौकट. बोट बंदराला लागली की सोसायटीतला माणूस बटण दाबणार, आणि चौकट उजवीकडे जाणार. चाचणी म्हणून तो तिथे सुरूही केला होता, त्यांनी बटण दाबलं की माझ्या स्क्रीनवरही चौकट सरकायची.

डावीकडे मी आधी 'गेल्या' लिहिलं होतं. बाबा स्वतः तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. स्क्रीन बघून म्हणाले, "गेल्या काय लिवतेस? जित्तेपनीच पोचवतेस काय आमाला?" दर्यावर निघताना आमच्यात 'जातो' कोणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मी जीभ चावली आणि 'समुद्रात' केलं.

पण हा शब्द मोठा, आणि तो जुन्याच रुंदीत अडकला. नुसतं 'समु...' दिसायचं. कोडमध्ये बदल केला म्हणून स्क्रीनवरची मांडणी लगेच बदलत नाही. प्रोग्राम हातातलं काम संपवतो, मग सगळं मोजून नव्याने मांडतो. ते मोजणं कुठे राहून जातंय, एवढंच मी शोधत होते.

त्या मंगळवारी बाबा बोटीवर होते. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, पण ऐकतील तर शपथ! पहाटे "येतो गं" म्हणून निघाले. मी रागाने पाठ फिरवली. दिवसभर त्यांच्या फोनला रेंज नाही, आणि माझा जीव टांगणीला.

दुपारचे साडेतीन. बाबांच्या बोटीची चौकट सरकली. सावकाश, डावीकडून उजवीकडे... आणि 'आल्या'च्या खाली जाऊन बसली.

"आई, बाबा आले!" मी ओरडले. आई मासळीची पाटी उचलून बंदराकडे धावलीच. इतकी हलकी झाले मी, की रडू आलं.

मग स्क्रीनकडे नीट बघितलं. चूक शोधायला प्रोग्राम मी मघाशीच एका ओळीवर थांबवून ठेवला होता. तो अजून तिथेच थांबलेला होता. असा थांबवला की त्याची खिडकी पूर्ण गोठते, बटणं आपटा नाहीतर काही करा, केसभर हलत नाही.

सोसायटीत फोन लावला. "बटन कोनीच न्हाय दाबला," तिथले काका म्हणाले. "तुझ्या बापाची बोट अजून दिसत पन न्हाय."

बोट सहा वाजता आली. आई अडीच तास बंदरावर उभी होती. बाबांना चौघांनी उचलून उतरवलं.

बोटीवरचा खलाशी भिकूदादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साडेतीन वाजलं असतील. तुझे बाबा बसल्या जागी बोलले, 'दोर टाक रे, आलो आपन.' मी बघतोय त चारी बाजूला पानी, किनारा न्हाय का काय न्हाय. परत वळून त्यांच्याकडं बघितला... तवर संपला व्हता सगला."

ऑफिसातल्या मित्रांनी शंभर कारणं काढली. एकही टिकलं नाही. बटण दाबल्याची नोंद कुठेच नाही. प्रोग्राम तसाच थांबवून मी कितीदा बघत बसले असेन... चौकट पुन्हा कधी हलली नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून म्हणते, "तू तवा उगाच बोललीस, मी उगाच धावले." मी ऐकून घेते. खरं सांगितलं तर ती एवढंच विचारेल — "मी तर बंदरावर उभी होते, मग ते आले कुठं?"