आपाची सुट्टी

दुसरबीडच्या सभेत भाषण मी केलं. पत्रक मी लिहिलं, घसा मी फोडला, टाळ्या मला पडल्या. आणि सभा संपल्यावर एक बाई मला ओलांडून सरळ आपाकडे गेली.

आपा म्हणजे आमच्या बायकांच्या संघटनेतली माझी जोडीदारीण. खामगावची, माझ्याहून बरीच मोठी. सभा संपली की ती सतरंजीची घडी घालायला घेते. एवढी मोठी सतरंजी एकटीला आवरत नाही, म्हणून कुणीतरी बाई पलीकडची टोकं धरते. एकेक घडी पडते तशा दोघी जवळ येतात, आणि शेवटच्या घडीला समोरासमोर आल्या की बाई हळूच बोलते. मी तेव्हा माइकची वायर गुंडाळत असते. त्या दिवशीही गुंडाळत होते. बाईची दोन-चार वाक्यं बोलून झाली, कुणीतरी तिला हाक मारली, ती गेली. "मेहकरला ऑफिसात ये," एवढं आपाचं मला ऐकू आलं.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "काय म्हणे ती?"

"तिनं मले सांगितलं."

"आपण एकाच संघटनेतल्या आहो ना, आपा?"

"हाव. पण तिचं दुखणं काही संघटनेचं नाही." मग माझ्याकडे बघून हसली. "काऊन जळून राह्यली बे?"

जळत तर होतेच. त्यात गंमत अशी की, एकीला सांगितलेलं दुसरीने विचारायचं नाही, हा नियम मीच भांडून करून घेतलेला. ठाण्यात सांगा, दवाखान्यात सांगा, माहेरी सांगा. बाईने तेच किती जणांपुढे उघडं करायचं? दुसरा नियमही माझाच. असं काही ऐकलं की ऐकणारीला दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुण्याच्या एक मॅडम 'स्वतःची काळजी घ्या' म्हणत आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावत होत्या, तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, श्वास आम्ही घेतोच, रजा द्या. अख्ख्या तालुक्याचं ऐकायला एकच बाई ठेवायची आणि ती मोडली की तिला श्वास शिकवायचा, याला काळजी म्हणत नाहीत. सुट्टी मंजूर झाली. ती मला कधी लागतच नाही, कारण मला कुणी काही सांगतच नाही.

दुसऱ्या दिवशी आपा घरी, आणि दुपारी तीच बाई ऑफिसच्या दारात.

"आपा नाहीत का?"

"आज सुट्टी आहे त्यांची. मी आहे ना, बसा."

"नको. त्यांनाच सांगायचं होतं."

"मला का नाही?" तोंडातून गेलंच.

"तुम्ही लई जोरात बोलता, ताई. तुम्हाला सांगितलं तर उद्या आमच्या दारात येऊन भाषण कराल."

आपाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. बोलावता आलं असतं. पण आदल्या संध्याकाळी जीपमधून उतरल्यावर तिला सँडलचा पट्टा लावता येत नव्हता, शेवटी मीच लावून दिला. मी खुर्ची पुढे ओढली.

"काही सांगू नका. एवढंच बोला, आज घरी जायची भीती आहे का?"

"आज नाही. ते ट्रक घेऊन गेलेत, परवा येतील." मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "परवा मला तिथं राहायचं नाही. लेकरांनाही ठेवायचं नाही."

मी फोनवर फोन केले. निवाऱ्यात जागा मिळवली, उद्या सकाळी जीप कुठे थांबेल ते ठरवलं. काय झालं, हे तिने सांगितलं नाही. जीभ दाताखाली धरून मीही विचारलं नाही.

"जीपमध्ये कोण असेल?"

"आपा."

तेव्हा कुठे तिने गार झालेला चहा घेतला.

जाताना दारात थांबली. "आपांना बरं आहे ना? काल माझं ऐकताना डोळे भरले होते त्यांचे. आज उठवू नका. निजू द्या."

उद्या आपण कुठे निजणार हे जिला आत्ताच कळलं होतं, ती आपाच्या झोपेची चिंता करत होती. मी सकाळपासून उपाशी होते. ते मात्र तिला दिसलं नाही.

"निजू देते," मी म्हटलं. हळू आवाजात.