रफिकभाईंचे सहा रविवार

आईच्या आजारपणात घेतलेली बिनपगारी रजा पुढच्या वर्षाची रजाही खाते, हे मी सांगितलं तेव्हा रफिकभाई मटकन खाली बसले.

जळगावच्या एमआयडीसीत, पाइपच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळायचे. हजेरी, रजा, पगारातली कपात, सगळं माझ्याकडे. रफिकभाई मशीन ऑपरेटर. धुळ्याला देवपुरात त्यांची अम्मी पडली, खुब्याचं हाड मोडलं. हे एकुलते एक. आधी पीएल, म्हणजे भरपगारी रजा, संपवली. मग बिनपगारी. मला विचारतील तर शपथ! अर्ज सुपरवायझरच्या हातात देऊन मोकळे.

तेव्हाचा नियम असा, की वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तरच पुढच्या वर्षी पीएल. घेतलेली पीएल त्यात धरतात, बिनपगारी नाही. मी डिसेंबरपर्यंतचे दिवस तीनदा मोजले.

"सहा कमी पडतात, भाई."

"ताई, अम्मीचं दुसरं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. तेव्हा पगार थांबला तर दवाखाना कसा करू?"

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. एकच वाट होती, संडे ड्युटी. सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सला चार-पाच जणांना बोलवायचे. पगार दुप्पट, म्हणून पाळ्या ठरलेल्या आणि त्यावरून भांडणंही ठरलेली. एक रविवार सोडून एक, असे सहा रविवार भाईंना द्या, म्हणून मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, हरकत नाही, पण दुसऱ्याच्या तोंडचा घास मी कसा काढू? मी खाली येऊन भाईंना तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले. नाना म्हणजे भाईंच्या विभागाचे फोरमन, पाच मिनिटांच्या लेटमार्कसाठी माझ्याशी तासभर वाद घालणारे. त्यांनी टेबलावर कागद ठेवला. खाली सहा सह्या होत्या.

"मॅडम, आमन्या पाळ्या त्याले देई टाका. बठ्ठास्नं ठरेल शे." सगळ्यांचं ठरलं होतं म्हणे.

सह्या करणाऱ्यांत एकाच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. मला रडूच आलं. नानांनी ते पाहिलं आणि चहा सांगितला.

शेवटच्या रविवारी सुट्टी असून मी कारखान्यात गेले आणि मस्टरवर भाईंची हजेरी स्वतः लावली. दोनशे चाळीस. फेब्रुवारीत ते भरपगारी रजेवर धुळ्याला गेले. अम्मी पुढे काठी घेऊन चालायला लागली. काय माणसं होती ती! अजून आठवली की बरं वाटतं.

परवा कारखान्यात गेले होते. संडे ड्युटी आता ॲपवर लागते. टाइम ऑफिसातल्या मुलीला विचारलं, कोणाला आपली पाळी दुसऱ्याला द्यायची असेल तर?

"मॅडम, त्याला ऑप्शनच नाही," ती म्हणाली.

म्हणून सांगते, बिनपगारी रजेचा अर्ज देण्याआधी टाइम ऑफिसात विचारून घ्या.