क्रांजीचं गवत, बुकित तिमाहचं जंगल आणि वर्षाचा आवाज

वर्षा पक्षी बघायची, मी पाण्याची बाटली धरायचो. ती गेल्यावर पाच महिने आम्ही कुठेच गेलो नाही. मग इरा, आमची मुलगी, म्हणाली, "बाबा, आईचा रूट करू या. मला तो बुलबुल ऐकायचाय."

तो म्हणजे स्ट्रॉ-हेडेड बुलबुल. पिंजऱ्यासाठी पकडून पकडून शेजारच्या देशांतून जवळपास संपवलेला. इथे, या छोट्या बेट-देशात, अजून मोकळा गातो.

चोआ चू कांगहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्रांजी, पुढे बस. सकाळी सातच्या आत पोचा, नंतर ऊन भाजतं. उंच गवतातल्या झाडांना सुगरणींची घरटी लोंबत होती. इराने फोटोही काढला नाही, नुसती बघत राहिली.

क्रांजी स्टेशनवरून ब्युटी वर्ल्डला थेट बस मिळते. तिथल्या फूड सेंटरमध्ये नारळाचा गोड जॅम लावलेला काया टोस्ट आणि कॉफी. दहा डॉलरच्या आत दोघांचं भागतं. मग बुकित तिमाह टेकडीची चढण, ओलं जंगल.

वळणावर पाच-सहा कॅमेरेवाले उभे होते. एकाने झुडपात छोटा स्पीकर ठेवला.

"हळू. ऐक."

वर्षाचा आवाज. मागोमाग बुलबुलाचं गाणं. इराने माझा दंड घट्ट धरला.

हे वर्षाचंच रेकॉर्डिंग. तेराव्यानंतर मीच तिची आठवण म्हणून पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. ठिकाणासकट.

बुलबुल आला. आपल्या हद्दीत दुसरा शिरलाय असं वाटून फांदीवर सैरभैर उड्या मारत ओरडू लागला. कॅमेरे खटाखट वाजले.

"बंद करा ते," मी म्हणालो.

"वन मिनिट लाह, अंकल," स्पीकरवाला इथल्या ढंगात म्हणाला.

"ती माझी बायको होती."

तो ओशाळला. "सॉरी, अंकल. आंटीचा आवाज कट करून टाकतो. नो प्रॉब्लेम."

मी ऑफिसातसुद्धा कधी आवाज चढवत नाही. तिथे ओरडलो, तेही मराठीत. "तिचा आवाज कापतोस? आधी तो स्पीकर उचल!"

बुलबुल उडाला. मागून कुणी म्हणालं, "गेला. हॅपी, अंकल?"

दीड तास थांबलो. गाणं ऐकू आलं नाही.

घरी येऊन ग्रुप उघडला. इतक्या दिवसांनी सगळ्यांच्या फोनमधून ते पुसता येत नाही. त्या माणसाचा राग येतो, पण पाठवणारा मी होतो.

तुम्ही जरूर जा. फक्त पक्ष्याला बोलावू नका, थांबा.

इराने दिवसभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी लिहिली. मी विचारलं, "बुलबुल?"

"नाही लिहिणार. बाबा, तो घाबरला होता."